अमेरिकेत घरासाठी रिटायरमेंटचे पैसे काढताना दंड कुठे लागतो आणि कुठे टळतो

डाउन पेमेंटला तीस-चाळीस हजार डॉलर कमी पडतायत असं कळलं की पुण्या-नाशकाहून फोनवर हमखास सल्ला येतो, "मग पीएफमधून काढ की!" सल्ला देणाऱ्यांच्या जागी तो बरोबरच आहे. भारतात घरासाठी ईपीएफमधून आगाऊ रक्कम घेण्याची सोय योजनेतच आहे, आणि सलग पाच वर्षं नोकरी झालेली असेल तर काढलेल्या रकमेवर प्राप्तिकरही लागत नाही. अमेरिकेतला ४०१-के दिसायला तसाच असतो. दर पगारातून कापला जातो, कंपनी वर थोडी भर घालते, आणि आकडा वाढताना बघून बरं वाटतं. तो मोडायला गेलं की मात्र हिशेब पार वेगळा निघतो.

वेगळा म्हणजे किती? न्यू जर्सीत किंवा बे एरियात पहिलं घर घेणाऱ्या जोडप्याला एकाच रकमेसाठी शून्य डॉलर भुर्दंड पडू शकतो किंवा दहा-पंधरा हजारही पडू शकतो. पैसे कुठल्या खात्यातून, कुठल्या नावाखाली आणि कुठल्या तारखेला बाहेर पडले, एवढ्यावरच ते ठरतं. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी पंधरा मिनिटं देऊन हे समजून घेतलेलं बरं.

दोन कात्र्या

आधी एक गोंधळ दूर करू. साडेएकोणसाठ वर्षं वय व्हायच्या आत ४०१-के किंवा पारंपरिक आयआरएमधून (आयआरए म्हणजे कंपनीतून नव्हे, स्वतः उघडलेलं रिटायरमेंट खातं) पैसे काढले तर दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात. पहिली म्हणजे साधा प्राप्तिकर. हे पैसे खात्यात जाताना त्यांच्यावर कर भरलेला नव्हता, तो आता भरायचा. काढलेली रक्कम त्या वर्षीच्या पगारात मिळवली जाते आणि तुमच्या वरच्या टप्प्याच्या दराने कर लागतो. दुसरी म्हणजे लवकर काढल्याबद्दल दहा टक्के जादा कर. यालाच सगळे जण पेनल्टी म्हणतात.

"घरासाठी काढले तर पेनल्टी माफ असते" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते काही खात्यांच्या बाबतीत आणि काही मर्यादेपर्यंत खरं आहे. पण माफ होते ती दुसरी कात्री. पहिली चालूच राहते. लोक फसतात ते इथे.

आकड्यात बघू. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, एकत्र रिटर्न भरतात, आणि संघराज्याच्या करात २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. त्यांनी ४०१-केमधून ३०,००० डॉलर काढले. प्राप्तिकर ६,६०० आणि पेनल्टी ३,०००, म्हणजे हातात उरले २०,४००. घर कॅलिफोर्नियात असेल तर राज्याची स्वतःची अडीच टक्क्यांची पेनल्टी आहे, म्हणजे आणखी ७५०. राज्याचा प्राप्तिकर ९.३ टक्क्यांच्या टप्प्याने धरला तर २,७९०. आता उरले १६,८६०. तीस हजार मोडून निम्म्याहून थोडे जास्त हातात.

हाच हिशेब उलटा केला तर जास्त बोचतो. राज्याचा कर सोडून दिला तरी हातात पुरे ३०,००० पडायला हवे असतील, तर खात्यातून ४४,००० हून जास्त काढावे लागतात. आणि ते ३०,००० खात्यातच राहिले असते तर? वर्षाला सात टक्के वाढ धरली तर ३० वर्षांत त्यांचे सुमारे २,२८,००० होतात. सात टक्के मिळतीलच असं कुणी लिहून देत नाही, पण घराचा भाव ठरवताना हा आकडा कुणी मोजतच नाही, म्हणून सांगितला.

'हार्डशिप' या नावाने फसू नका

४०१-के चालवणाऱ्या कंपनीच्या साइटवर गेलात तर पैसे काढण्याच्या पर्यायांत 'हार्डशिप विथड्रॉवल' दिसतं. त्यात कारणांची यादी असते आणि त्या यादीत 'राहतं घर विकत घेणे' हेही असतं. साहजिकच वाटतं की सरकारने घराला अडचण मानलंय, मग सूट असणारच.

सूट नसते. हार्डशिपचा अर्थ एवढाच, की नोकरीत असतानाच पैसे काढायला तुम्हाला परवानगी आहे. एरवी चालू नोकरीतला ४०१-के साडेएकोणसाठच्या आत बहुतेक वेळा हलवताच येत नाही. दार उघडलं, पण दारावरची वसुली तशीच आहे: प्राप्तिकरही आणि दहा टक्केही. शिवाय हे पैसे एकदा काढले की परत भरता येत नाहीत. मला विचाराल तर घरासाठी हा रस्ता सर्वांत शेवटचा, आणि बाकीचे सगळे बंद असतील तरच.

पहिली नजर रॉथ आयआरएवर

ज्यांच्याकडे रॉथ आयआरए आहे त्यांनी आधी तिकडे बघावं. हे खातं ४०१-केच्या उलट चालतं. यात टाकलेल्या पैशांवर कर आधीच भरलेला असतो. म्हणून तुम्ही स्वतः टाकलेली मूळ रक्कम कधीही, कुठल्याही वयात, कुठल्याही कारणासाठी काढता येते. कर नाही, पेनल्टी नाही, घर घेतलं की गाडी हेही कुणी विचारत नाही.

याहून चांगली गोष्ट अशी, की कायद्याने काढण्याचा क्रमच ठरवून दिला आहे. रॉथ आयआरएमधून पैसे काढले की आधी तुमची मूळ रक्कम बाहेर येते असं मानलं जातं. मग दुसऱ्या खात्यातून बदलून आणलेली रक्कम, आणि सगळ्यांत शेवटी वाढ. समजा सहा वर्षांत तुम्ही ३०,००० टाकले आणि खात्यात आज ४१,००० आहेत. पहिले ३०,००० बिनखर्चाचे. ओढाताण होते ती वरच्या ११,००० वर.

त्या वाढीतूनही घरासाठी आयुष्यात एकदा १०,००० पर्यंतची सवलत आहे. तिच्या अटी पुढे येतातच. इथे पाच वर्षांचं एक घड्याळ चालू असतं. तुमचं पहिलं रॉथ आयआरए ज्या वर्षासाठी सुरू झालं, त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर या १०,००० वर ना कर ना पेनल्टी. झाली नसतील तर पेनल्टी माफ, पण कर भरायचा.

चांगला पगार असलेली बरीच आयटीवाली मंडळी थेट रॉथमध्ये पैसे टाकू शकत नाहीत, कारण त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. ती 'बॅकडोर' करतात, म्हणजे आधी पारंपरिक आयआरएमध्ये करसवलत न घेता टाकायचे आणि मग ते रॉथमध्ये बदलून घ्यायचे. असे पैसे क्रमवारीत 'मूळ' नव्हे, 'बदललेले' म्हणून धरले जातात, आणि बदललेल्या पैशांना प्रत्येक वर्षाचं वेगळं पाच वर्षांचं घड्याळ असतं. ऐकून छातीत धस्स होतं. पण त्या घड्याळाची पेनल्टी लागते ती बदलताना ज्या भागावर कर लागला होता तेवढ्याच भागावर. स्वच्छ बॅकडोरमध्ये तो भाग जवळजवळ शून्य असतो, म्हणून हे पैसेही सहसा बिनदंडाचे निघतात. रिटर्नला जोडलेले, आयआरएचा हिशेब दाखवणारे दरवर्षीचे ८६०६ नंबरचे फॉर्म जपून ठेवलेले असले, तर हे सिद्ध करायला कागद हाताशी असतो.

आणखी एक गल्लत. ४०१-केच्या आतही 'रॉथ' असतं. त्याला वरचा क्रम लागू नाही. तिथून काढलं की मूळ आणि वाढ दोन्ही प्रमाणात बाहेर येतात. जुन्या कंपनीतलं रॉथ ४०१-के आधी रॉथ आयआरएमध्ये हलवलं तर तुम्ही टाकलेली रक्कम तिथे मूळ म्हणून धरली जाते, आणि मग तो सोपा क्रम मिळतो.

तोटा एकच, पण तो लहान नाही. रॉथमध्ये वर्षाला टाकता येणाऱ्या रकमेला मर्यादा आहे. २०२६ साठी ती पन्नाशीच्या आतल्यांना ७,५०० डॉलर आहे. आज काढलेले ३०,००० पुढच्या वर्षी हातात आले तरी एकदम परत टाकता येणार नाहीत. ती जागा गेली ती गेलीच.

दहा हजारांची सवलत, आणि पुण्यातला फ्लॅट

आता ज्या सवलतीची सगळीकडे चर्चा असते तिच्याकडे येऊ. १९९७ च्या कायद्याने एक सूट आली: पहिल्यांदा घर घेणाऱ्याला आयआरएमधून १०,००० डॉलरपर्यंत रक्कम दहा टक्क्यांच्या पेनल्टीशिवाय काढता येते. ही मर्यादा आयुष्यभराची आहे, दर घरामागची नाही. १९९७ पासून ती एका डॉलरनेही वाढलेली नाही, आणि त्या काळात घरांच्या किमतींचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. नवरा-बायको दोघांची स्वतंत्र आयआरए असतील तर दोघांना मिळून २०,००० होतात.

सूट फक्त आयआरएला आहे. ४०१-केला नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

'पहिल्यांदा' म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच असं मात्र नाही. गेल्या दोन वर्षांत तुमच्या मालकीचं, तुमचं मुख्य राहतं घर नव्हतं, एवढंच बघतात. लग्न झालेलं असेल तर जोडीदाराचंही तसंच हवं. दोन वर्षं मागे मोजायची ती घराचा ताबा मिळाला त्या दिवसापासून नाही. खरेदीचा बांधील करार ज्या दिवशी झाला, किंवा बांधकाम ज्या दिवशी सुरू झालं, त्या दिवसापासून मोजायची.

मग पुण्यात किंवा ठाण्यात नावावर फ्लॅट असेल तर? मराठी घरांत हा प्रश्न अगदी नेहमीचा आहे, आणि उत्तर 'राहतं' या शब्दावर अडतं. तुम्ही आठ वर्षं डॅलसमध्ये भाड्याने राहताय आणि बाणेरचा फ्लॅट भाड्याने दिलाय किंवा तिथे आई-बाबा राहतात, तर तो तुमच्या मालकीचा असला तरी तुमचं मुख्य राहतं घर नाही. तुम्ही सवलतीत बसता. पण दीड वर्षापूर्वीपर्यंत तुम्ही स्वतः त्याच फ्लॅटमध्ये राहत होतात, मग कंपनीने इकडे पाठवलं, आणि फ्लॅट अजून तुमच्याच नावावर आहे, तर तो दोन वर्षांच्या खिडकीत येतो. करार सहा-सात महिने पुढे ढकलणं शक्य असेल तर तेवढ्यानेही चित्र बदलतं.

पैसे हातात आल्यापासून १२० दिवसांच्या आत ते घरासाठी खर्च व्हायला हवेत. घराची किंमत, बांधकाम, पुनर्बांधणी, कर्जाचे आणि क्लोजिंगचे (म्हणजे खरेदी पूर्ण होऊन घर नावावर होतानाचे) नेहमीचे खर्च, सगळं त्यात चालतं. म्हणून घर बघायला सुरुवात केली की लगेच पैसे काढून सेव्हिंग्जमध्ये ठेवण्याची घाई नको. ऑफर मान्य होऊन क्लोजिंगची तारीख दिसायला लागली की काढा. व्यवहार मोडला किंवा लांबला तर तेच पैसे १२० दिवसांच्या आत आयआरएमध्ये परत टाकता येतात. एरवी अशा परतीला ६० दिवसच मिळतात.

घर स्वतःचंच असावं असंही नाही. जोडीदार, मुलगा-मुलगी, नातवंडं, तुमचे किंवा जोडीदाराचे आई-वडील, आजी-आजोबा यांच्या पहिल्या घरासाठीही ही सूट चालते.

आता कडू भाग. या सवलतीने वाचतं किती? दहा हजारांचे दहा टक्के, म्हणजे १,००० डॉलर. पारंपरिक आयआरएमधून काढले असतील तर २२ टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस २,२०० डॉलर प्राप्तिकर भरतोच. म्हणून ही सूट घेऊ नका असं माझं म्हणणं नाही, हजार डॉलर हजारच असतात. पण तिच्या भरवशावर घराचं बजेट उभं करू नका.

जुन्या कंपनीचा ४०१-के पडून असेल तर

दोन-तीन नोकऱ्या बदललेल्यांकडे असे एक-दोन खाती हमखास असतात. ते पैसे आयआरएमध्ये हलवता येतात, आणि तिथून वरची दहा हजारांची सूट लागू होते. थेट ४०१-केमधून काढले असते तर ती मिळाली नसती. फक्त एका खात्यातून दुसऱ्यात जाताना फेरा वाढतो.

हलवताना मात्र एक काळजी घ्या. फोनवर सांगा की रक्कम थेट नव्या आयआरएकडे पाठवा. चेक तुमच्या नावाने निघाला तर कायद्याने २० टक्के रक्कम आधीच कापून सरकारकडे जमा होते. ४०,००० च्या खात्यातून तुमच्या हातात ३२,००० चा चेक येईल. ६० दिवसांत पूर्ण ४०,००० नव्या खात्यात भरले नाहीत तर राहिलेले ८,००० तुम्ही काढलेले पैसे ठरतात, त्यावर कर आणि पेनल्टी दोन्ही. कापलेले ८,००० रिटर्न भरल्यावर हिशेबात धरले जातात, पण तोवर तुम्हाला ते खिशातून घालावे लागतात, तेही नेमके घर घेण्याच्या हंगामात.

काढू नका, उसने घ्या

मोठी रक्कम हवी असेल आणि रॉथ नसेल, तर माझ्या मते सर्वांत कमी नुकसानीचा मार्ग ४०१-केवरचं कर्ज हा आहे. कर्ज म्हणजे 'काढणं' नव्हे, म्हणून त्यावर ना प्राप्तिकर ना पेनल्टी. बँक तुमचा क्रेडिट स्कोअर तपासत बसत नाही, कारण पैसे तुमचेच आहेत.

मर्यादा अशी: खात्यातल्या तुमच्या हक्काच्या रकमेच्या निम्मे किंवा ५०,००० डॉलर, यांतलं जे कमी असेल ते. हक्काची म्हणजे 'व्हेस्टेड'. कंपनीने घातलेली भर काही ठिकाणी ठरावीक वर्षं नोकरी झाल्यावरच तुमची होते, तोपर्यंत ती यात धरत नाहीत. गेल्या १२ महिन्यांत आधीचं असं कर्ज असेल तर ५०,००० ची मर्यादा तेवढी खाली येते. आणि प्रत्येक कंपनीची योजना कर्ज देतेच असं नाही, ते तुमच्या योजनेच्या कागदांत बघावं लागतं. आयआरएवर मात्र असं कर्ज कुठेच मिळत नाही.

नेहमीचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं असतं. राहत्या घरासाठी घेतलं तर योजनेला जास्त मुदत द्यायची मुभा आहे, आणि अनेक योजना देतात. फरक मोठा पडतो. ४२,००० डॉलर साडेआठ टक्क्यांनी घेतले तर पाच वर्षांच्या मुदतीत महिन्याला साधारण ८६० डॉलर पगारातून कापले जातील, दहा वर्षांच्या मुदतीत साधारण ५२०. घराचा हप्ता नुकताच सुरू झालेल्या घरात हे साडेतीनशे डॉलर जाणवतात. म्हणून अर्जात 'राहतं घर' हा प्रकार निवडा आणि खरेदीचा करार जोडा. 'सर्वसाधारण' प्रकारात अर्ज केलात तर पाचच वर्षं मिळतात.

व्याज तुमच्याच खात्यात परत येतं, ही जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी, की ते व्याज तुम्ही कर भरलेल्या पगारातून देता आणि म्हातारपणी ते काढताना त्यावर पुन्हा कर लागतो. रक्कम फार मोठी नसते, पण 'स्वतःलाच व्याज, म्हणजे फुकट' असं जे म्हणतात ते अर्धसत्य आहे. आणि उसने घेतलेले पैसे तेवढा काळ बाजाराबाहेर राहतात. बाजार वर गेला तर ती वाढ तुमची नाही.

आता एच-१बी, म्हणजे कंपनीच्या नोकरीवर टिकणारा व्हिसा, असलेल्यांसाठी महत्त्वाचं. नोकरी गेली किंवा सोडली तर बऱ्याच योजना उरलेलं कर्ज लगेच मागतात. भरलं नाही तर ती रक्कम तुम्ही काढली असं धरतात, आणि मग ज्या दोन कात्र्या टाळायला एवढा खटाटोप केला त्या दोन्ही येतात. २०१७ च्या करकायद्याने यात थोडी सवड दिली. नोकरी सुटल्यामुळे कर्ज असं वळतं झालं, तर त्या वर्षाचं रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत, मुदतवाढ घेतली तर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत, तेवढी रक्कम स्वतःच्या पैशांतून आयआरएमध्ये भरून कर आणि पेनल्टी टाळता येते. काही योजना नोकरी सुटल्यावरही हप्ते चालू ठेवू देतात. पण एच-१बीवर नोकरी गेल्यानंतर नवीन शोधायला ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत घराचा हप्ता, व्हिसा आणि ४०१-केचं कर्ज हे तिन्ही एकदम डोक्यावर येऊ नयेत, एवढा विचार आधी करावा. ज्यांच्या कंपनीत कपातीच्या बातम्या येतायत त्यांनी कर्जाची पूर्ण मर्यादा ओढू नये.

बाळ आणि घर एकाच वर्षी

हे फार कमी लोकांना माहीत असतं. बाळाच्या जन्मानंतर किंवा दत्तक घेतल्यानंतर एका वर्षाच्या आत प्रत्येक पालकाला ५,००० डॉलरपर्यंत रक्कम पेनल्टीशिवाय काढता येते. २०१९ च्या कायद्याने ही सोय झाली. पैसे डायपरवरच खर्च केले का, हे कुणी विचारत नाही. ही सूट आयआरएप्रमाणे ४०१-केलाही लागू होते, आणि तीन वर्षांत पैसे परतही टाकता येतात. प्राप्तिकर मात्र इथेही आहे. बाळ आलं की मोठं घर बघणारी जोडपी काही कमी नसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सरकारी किंवा विद्यापीठाच्या नोकरीतलं ४५७-बी खातं असेल तर ती नोकरी सोडल्यावर काढलेल्या पैशांना दहा टक्क्यांची पेनल्टीच नसते. उलट छोट्या कंपन्यांतलं सिंपल आयआरए पहिल्या दोन वर्षांत मोडलं तर पेनल्टी दहा नाही, २५ टक्के असते.

एक जुळणी

वरचं सगळं एकत्र केलं तर कसं दिसतं? एका जोडप्याला ६०,००० कमी पडतायत. तिच्या रॉथ आयआरएमध्ये २६,००० आहेत, त्यातले १८,००० तिने टाकलेले. त्याच्या चालू ४०१-केमध्ये हक्काचे ९०,०००. तिचे १८,००० आणि त्याच्या ४०१-केवर ४२,००० चं कर्ज, झाले साठ हजार. कर शून्य, पेनल्टी शून्य. हेच साठ हजार हार्डशिपमधून हातात हवे असते तर राज्याचा कर न धरताही ८८,००० हून जास्त काढावे लागले असते, म्हणजे त्याचं खातं जवळजवळ रिकामं.

पण खरं सांगायचं तर मी त्यांना आधी विचारेन, साठ हजार लागतातच का? आपल्या लोकांत २० टक्के डाउन पेमेंट म्हणजे धर्मनियम असल्यासारखं बोललं जातं. त्याहून कमी भरलं तर पीएमआय नावाचा विमा लागतो, तो सगळ्यांना नकोसा वाटतो. तो कायमचा नसतो. कर्ज घराच्या मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तो काढायची मागणी करता येते, आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार ७८ टक्क्यांवर आलं की १९९८ च्या कायद्याप्रमाणे तो आपोआप बंद करावा लागतो. पात्र असाल तर साध्या कर्जात तीन टक्क्यांपर्यंत आणि एफएचए कर्जात (सरकारी विम्याच्या आधाराने मिळणारं कर्ज) साडेतीन टक्क्यांपर्यंत कमी डाउन पेमेंट चालतं, पण एफएचएचा विमा वेगळ्या नियमांनी चालतो आणि साडेतीन टक्केच भरले तर तो कर्जभर राहतो. लेंडरकडून पीएमआयचा महिन्याचा आकडा घ्या, तो किती महिने लागेल ते मोजा, आणि ती बेरीज पेनल्टी अधिक कराच्या शेजारी ठेवा. पुष्कळदा पीएमआय स्वस्त निघतो.

रिटर्न भरताना

खातं चालवणाऱ्या कंपनीला तुम्ही पैसे कशासाठी काढले हे माहीत नसतं. जानेवारीत येणाऱ्या १०९९-आर फॉर्मच्या सातव्या चौकटीत ती बहुतेक वेळा '१' हा कोड टाकते, म्हणजे 'वेळेआधी काढले, सवलत माहीत नाही'. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याच्या, दृष्टीने तुमच्यावर पेनल्टी लागू झाली. ती माफ आहे हे सांगायचं काम तुमचं. त्यासाठी ५३२९ नंबरचा फॉर्म जोडायचा आणि पहिल्या घरासाठीचा ०९ हा कोड लिहायचा. हे न केल्यामुळे हक्काची सूट हातची जाते. रॉथमधून काढले असतील तर ८६०६ हा फॉर्मही लागतो.

काढताना कापून घेतलेला दहा किंवा वीस टक्के कर म्हणजे पूर्ण कर नव्हे, तो फक्त आगाऊ भरणा. उरलेला एप्रिलमध्ये येतो, आणि तोवर पैसे क्लोजिंग आणि सोफ्यावर संपलेले असतात. काढतानाच अंदाज काढून तेवढी रक्कम बाजूला ठेवा.

राज्यांचं गणित प्रत्येकाचं वेगळं. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन या राज्यांत पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे फक्त संघराज्याचा हिशेब. कॅलिफोर्नियाची अडीच टक्के जादा पेनल्टी वर आलीच आहे. ती चुकवायची तर राज्याच्या रिटर्नमध्येही सवलत वेगळी दाखवावी लागते. न्यू जर्सीत पारंपरिक आयआरएमध्ये टाकताना राज्याच्या करात वजावट मिळत नाही, म्हणून काढताना तुम्ही टाकलेल्या भागावर राज्य पुन्हा कर घेत नाही. पण हा भाग किती ते तुम्हालाच दाखवावं लागतं. एडिसनमध्ये राहणाऱ्या कितीतरी जणांचं टॅक्स सॉफ्टवेअर इथे पूर्ण रक्कम करपात्र धरून मोकळं होतं, कारण त्याला जुन्या वर्षांचे आकडे कुणी दिलेले नसतात. ते आकडे जुन्या रिटर्नमधून शोधून ठेवा, आणि त्याच फोल्डरमध्ये खरेदीचा करार, क्लोजिंग डिस्क्लोजर आणि आयआरएमधून पैसे आल्याच्या तारखेचं स्टेटमेंटही ठेवा. १२० दिवसांचा प्रश्न निघाला तर याच तीन कागदांवर उत्तर देता येतं.